परक्या सुनेसाठी रडताना

मी मालिका पाहतो. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्यानं म्हणतो, कारण ते मोठ्यानं म्हणणारी माणसं महाराष्ट्रात फार थोडी उरली आहेत. एखादा गृहस्थ तंबाखू खातो हे चारचौघांत सांगेल, पत्त्यांत दोन एकर घालवले हेही एखाद वेळी कौतुकानं सांगेल. पण ‘मालिका पाहता का हो?’ म्हणून विचारलं, की ताठ होऊन म्हणेल, ‘छे! आम्ही फक्त बातम्या पाहतो.’ आणि पाचच मिनिटांनी सुपारी कातरता कातरता म्हणेल, ‘पण काल तिच्या नणंदेनं ते पत्र जाळलं, हे काही बरं केलं नाही.’ बातम्यांत कुणाच्या नणंदेनं पत्र जाळल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

मालिका न पाहणाऱ्या या मालिकाप्रेक्षकांचे ढोबळ मानानं तीन प्रकार पडतात. पहिला, ‘मला नाही हो, हिला लागते’ असं म्हणणारा. हिला लागते म्हणून हा बिचारा रोज पहिल्या ओळीत बसतो. दुसरा म्हणतो, ‘जेवताना समोर चालू असते. डोळे मिटून का जेवायचं?’ याचं जेवण साडेसातला सुरू होतं आणि साडेनऊला संपतं. पोळ्या मात्र तीनच. तिसरा अभ्यासक. समाजाची अधोगती कुठवर आली ते तो पाहत असतो. आता अधोगती म्हटली की ती रोज तपासावी लागते, आणि रविवारी महाभाग असला तर सलग दोन तास तपासावी लागते.

मालिकांचे दोष मला दिसत नाहीत अशातला भाग नाही. देवळाचं छप्पर कुठं गळतं हे भक्तालाच ठाऊक असतं, नास्तिक तिकडं फिरकतो कशाला! मालिकेतल्या बायका जरीची साडी नेसून झोपतात आणि सकाळी पदराला चुणीसुद्धा पडलेली नसते. महत्त्वाची गोष्ट नेहमी दाराआडून ऐकली जाते, कारण त्या घरांत दाराला कडी लावायची पद्धत नाही. मनातलं बोलणं एवढ्या मोठ्यानं होतं की ते आम्हाला केनवडला ऐकू येतं, पण तिथंच शेजारी उभ्या असलेल्या सासूला येत नाही. कुणी ‘हे लग्न होणार नाही!’ म्हणालं, की कॅमेरा घरातल्या अकरा जणांच्या तोंडासमोर तीन तीनदा जाऊन येतो. तोवर आमच्या कुकरची दुसरी शिट्टी होते. आणि माणसं तर अशी बदलतात म्हणता! ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ ते २०२१ चालली. तिच्यातली शनाया आधी रसिका सुनील होती, मग ती ईशा केसकर झाली आणि पुढे पुन्हा रसिका सुनील झाली. गुरुनाथाच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. इकडं बायकोनं कानातलं बदललेलं ओळखलं नाही तर दोन दिवस भाजीत मीठ नसतं.

त्या मालिकेतली राधिका नागपूरची. अनिता दाते यांनी ती केली होती. मुंबईच्या मालिकेतली नायिका आपल्याकडच्या बोलीत बोलते म्हटल्यावर साऱ्या विदर्भाला माहेरचं माणूस टीव्हीत गेल्यासारखं वाटलं. आमच्याकडं मात्र त्यावरूनही वाद. नागपूरची बोली वेगळी, आमची वऱ्हाडी वेगळी, आणि वाशीमकडची त्यातही तिसरी. आमच्या मोठीमायनं एका वाक्यात निकाल दिला होता, ‘बोलते आपल्यावानीच, पण शिकून आल्यावानी बोलते.’

एवढे दोष माहीत असून रोज संध्याकाळी मी जागेवर असतो, आणि कधी कधी माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मालिकाप्रेमी माणसापुढचा खरा प्रश्न हा आहे. जी बाई नाही, तिला न झालेल्या दुःखासाठी माझ्या खऱ्या डोळ्यांत खरं पाणी का यावं? ती नटी संध्याकाळी मेकअप पुसून घरी जाते, तिला या रडण्याचे पैसे मिळतात. मला मिळत नाहीत. मग हे पाणी चांगुलपणाचं, मूर्खपणाचं, की लबाडीचं?

आधी मूर्खपणाचं पाहू, कारण विद्वान मंडळी प्रेक्षकांवर पहिला आरोप तोच ठेवतात. म्हणे, या अडाणी लोकांना नट आणि भूमिका यांतला फरक कळत नाही. पुरावा म्हणून रामानंद सागरांच्या ‘रामायण’चं उदाहरण देतात. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ ते दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी चालू होतं. आमचं केनवड रिसोड तालुक्यात. तो तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे रामराज्य येऊन दहा वर्षं झाल्यावर. रविवारी सकाळी गावोगाव काय होत असे ते त्या पिढीला सांगायला नको. लाकडी शटरचा काळा-पांढरा टीव्ही ओसरीवर आणून ठेवायचा, शटरची किल्ली घरमालकाच्या जानव्याला किंवा करगोट्याला. गच्चीवर एक पोट्टा अँटेना धरून. खालून ‘आलं, आलं! गेलं! जरा मेहकरकडं फिरव!’ असा पुकारा. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. काही घरांत टीव्हीला हार, उदबत्ती, हळदकुंकू. पडद्यावर मुंग्या मुंग्या झाल्या, तरी त्या मुंग्यांतून प्रभू रामचंद्र जात आहेत याबद्दल कुणाला शंका नसायची.

आता हार घातला हे खरं. पण म्हणून प्रेक्षक फसला होता का? पुढचं पाहा. १९९१ ची लोकसभा निवडणूक. सीतेचं काम केलेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून निवडून आल्या. आणि रावणाचं काम केलेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून निवडून आले. एकाच पक्षाच्या तिकिटावर! साबरकांठाच्या मतदारांना जर नट आणि भूमिका यांतला फरक कळत नसता, तर त्यांनी लंकाधिपतीला दिल्लीला धाडलं असतं का? ‘महाभारत’मधले श्रीकृष्ण, आपले नीतीश भारद्वाज, १९९६ साली जमशेदपूरहून लोकसभेत गेले. खुद्द रामाला, म्हणजे अरुण गोविलांना, मेरठहून खासदार व्हायला २०२४ उजाडावं लागलं. रावणानंतर तेहतीस वर्षांनी! तेव्हा आपला प्रेक्षक वेडा आहे म्हणणाऱ्यानं जरा जपून म्हणावं. त्याला सगळं कळत असतं. निळू फुल्यांना पडद्यावर पाहून बायका बोटं मोडायच्या, पण हा माणूस राष्ट्र सेवा दलातला, सज्जन, हेही घराघरांत माहीत होतं. बोटं मोडणं हा तिकिटाच्या पैशातलाच आनंद होता.

म्हणजे मूर्खपणाचा आरोप रद्द. पण त्यामुळे प्रकरण सुटत नाही, उलट चिघळतं. फसून रडणारा माणूस निर्दोष असतो. सगळं कळत असून रडणाऱ्याला जाब द्यावा लागतो.

हा जाब फार जुना आहे. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीन नावाचे धर्मगुरू होऊन गेले. त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय, की लहानपणी काव्यातल्या डिडो राणीनं प्रेमापायी जीव दिला म्हणून आपण रडायचो, आणि स्वतःची अवस्था काय झालीय त्यासाठी मात्र कधी रडलो नाही. नाटकांबद्दल त्यांनी मार्मिक गोष्ट हेरली. तिथं प्रेक्षकाला कुणी मदतीला बोलावत नाही, फक्त दुःख करायला बोलावतात; आणि त्यानं दुःख जितकं जास्त केलं तितका तो खूष होऊन घरी जातो. ऑगस्टीनना आमच्याकडची आठची मालिका दाखवायला हवी होती असं मला फार वाटतं.

पुढे १७५८ साली जिनीव्हात नाटकगृह काढायची गोष्ट निघाली, तेव्हा रूसोनं एक लांबलचक पत्र लिहून विरोध केला. त्याचं म्हणणं असं, की नाटकात रडून माणसाला वाटतं आपलं माणुसकीचं कर्ज फिटलं, आणि खिशातून मात्र काही जात नाही. रूसोनं फेराय नावाच्या ग्रीक नगरातल्या एका जुलमी राजाची आठवण दिली आहे. प्लुटार्कनं ती सांगितली आहे. नाव अलेक्झांडर, पण आपला सिकंदर नव्हे. यानं कितीक माणसं मारली आणि कधी हळहळला नाही. एकदा युरिपिडीसचं नाटक पाहायला बसला, ट्रॉयच्या बायकांचं. नाटक भरात आलं आणि हा मधूनच उठून गेला. नटाला निरोप धाडला की तुझं काम वाईट म्हणून मी उठलो नाही. आजवर कुणाची दया न केलेला मी हेक्युबासाठी रडताना लोकांना दिसलो असतो, त्याची लाज वाटली.

मला हा राजा, खुनी असला तरी, एका बाबतीत आपल्यापेक्षा बरा वाटतो. त्याला निदान लाज वाटली. आपण उठून जात नाही. आपल्याला पुढचा भाग पाहायचा असतो.

रूसोबद्दलही एक सांगून टाकतो. दुसऱ्यांच्या फुकट आसवांचा हिशेब मांडणाऱ्या या थोर माणसानं स्वतःची पाचही मुलं जन्मतःच अनाथालयात पाठवून दिली. तेव्हा नाटक पाहून रडणं वाईट असेल, पण न रडल्यानं माणूस सुधारतो असा काही पुरावा नाही.

आता आपल्याकडच्या पंडितांचं काय म्हणणं? त्यांनी रडणाऱ्याची बाजू मोठ्या प्रेमानं घेतली आहे. चौदाव्या शतकातला विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त विचारतो, की करुणरसात नुसतं दुःखच असतं तर कोण त्याच्याकडं गेलं असतं? मग तर रामायणसुद्धा दुःखाचं कारण ठरलं असतं! म्हणजे रामायण पाहून रडणारा माणूस आनंदातच असतो. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी त्याच्याही आधी याचं कारण सांगितलं होतं. रंगभूमीवरचं दुःख हे माझं नसतं, तुझं नसतं, मित्राचं नसतं, शत्रूचंही नसतं. त्याच्यावरचं नाव पुसलं जातं. याला त्यांनी साधारणीकरण म्हटलं. कुणाचंच नसलेलं दुःख निर्भेळ चाखता येतं.

मला हे पटतं. आणि पटतं म्हणूनच काळजी वाटते. कारण खऱ्या दुःखावरचं नाव पुसता येत नाही. त्याला पत्ता असतो, घर क्रमांक असतो, आणि मुख्य म्हणजे ते उसने पैसे मागू शकतं. गल्लीतल्या एखाद्या बाईचा नवरा गेला तर आपण हळहळतो, पण हळहळता हळहळता मनाच्या कोपऱ्यात विचार येतोच की आता ही पोराच्या फीसाठी आपल्याकडं येईल काय? तिनं तीन वर्षांपूर्वी आपल्याशी भांडण केलं होतं तेही आठवतं. मालिकेतल्या बाईचं असं नसतं. ती कितीही दुःखात असली तरी आपल्या दारात येऊन उभी राहत नाही. शेताच्या धुऱ्यावरून तिचं आपलं वैर नसतं. तिची जात विचारायची वेळ आपल्यावर येत नाही. अशा बिनखर्चाच्या माणसावर प्रेम करायला काय लागतं?

त्या काळातल्या रामायणाच्या अंगणांचंच घ्या. सगळं गाव एका टीव्हीपुढं जमायचं, ही गोष्ट आपण आता फार गोडव्यानं सांगतो. ती खरीही आहे. पण त्या अंगणाकडं जरा नीट पाहिलं तर? कुणी ओसरीवर, कुणी अंगणात, कुणी फाटकापाशी, कुणी फाटकाबाहेर. कुठं बसायचं हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. आणि मग एखाद्या रविवारी शबरीचा भाग लागायचा. प्रभू रामचंद्र शबरीची बोरं खायचे, ओसरीवरची माणसं डोळे पुसायची, फाटकाबाहेरचीही पुसायची. भाग संपला की टीव्हीचं शटर बंद व्हायचं आणि जो तो आपापल्या वाटेनं घरी जायचा. फाटकाबाहेरच्या म्हातारीला ‘आत ये वं माय, च्या घे’ असं किती ओसऱ्यांवरून कुणी म्हटलं असेल? बोरं आवडली होती सगळ्यांना. शबरी मात्र टीव्हीतच बरी होती.

हे सांगताना मला कुणा एका गावाला नावं ठेवायची नाहीत. दृश्य आपल्या सगळ्यांचंच आहे. अंगणं गेली, घरोघर टीव्ही आले, तसं ते घरात आलं.

आमच्या मोठीमायचं घर घ्या. मोठीमायचं वय पंच्याहत्तर, आवाज पंचवीस. रात्री आठची मालिका तिची. मधल्या काळात किती सासवा-सुना तिच्या नजरेखालून गेल्या याची गणती नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, भाग तीन हजारांच्या वर. नाव चार दिवसांचं आणि मुक्काम बारा वर्षांचा! त्यात सासू होत्या रोहिणी हट्टंगडी. ‘गांधी’ सिनेमातल्या कस्तुरबा त्या ह्याच, हे मी मोठीमायला सांगितलं, तर म्हणाली, ‘गांधीबाबापुढं चालली नसंल तिची. म्हून सुनेवर काढते.’

तर मोठीमाय टीव्हीतल्या सुनेसाठी रडते. पदर ओला होईपर्यंत रडते. ‘पाय ना बावा, त्या लेकराले दिवसभर उभं ठेवलं! हे बुढी आपली बसूनच हाये. हिले काई मन हाये की नाई?’ असं ती बसल्या बसल्या म्हणते. आणि तेव्हा भिंतीपलीकडं तिची स्वतःची सून, म्हणजे माझी वहिनी, सकाळी सहापासून उभी असलेली, चुलीपुढं... चूल नाही, गॅस आहे, पण उभं राहणं तेच... भाकरी थापत असते. वहिनी मालिका कानानं पाहते. पात्रं तिला आवाजावरून ओळखू येतात. एकदा वर्तमानपत्रात एका नटीचा फोटो पाहून ती थक्क झाली. म्हणाली, ‘हेच का ते? मले वाटलं, जाडी असंल!’

आता फेरायचा राजा नऊवारीत दिसायला लागला की नाही? पण थांबा. मोठीमाय दुष्ट नाही. वहिनीच्या बाळंतपणात हिनं स्वतः डिंकाचे लाडू केले होते, रात्र रात्र जागली होती. गोष्ट एवढीच, की टीव्हीतल्या सुनेचं उभं राहणं दाखवायला तिकडं कॅमेरा आहे, मागं सनई आहे, मधे मधे ढग गडगडतात. वहिनीच्या उभं राहण्याला पार्श्वसंगीत नाही. पाठ दुखते तेव्हा कुठं वीज चमकत नाही. रोज दिसणारं दुःख दिसेनासं होतं, हाच त्याचा पहिला गुण.

आणखी एक गोम आहे. आपल्याला रडायला जी सून आवडते ती सोसणारी. ती दुसऱ्याच भागात पदर खोचून ‘सासूबाई, आता बास!’ म्हणाली तर उरलेले तीन हजार भाग कशाचे काढायचे? आपण रडतो म्हणून तिला रडवतात. १९८४-८५ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली होती. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द बोलायचे. ही मालिका लोकांना शहाणं करायला काढली होती. तिच्यातली भागवंती, ती सगळं निमूट सोसणारी आई, ‘बायांनो, असं नुसतं सोसू नका’ हे समजावं म्हणून होती. पण पुढं अभ्यासकांनी विचारलं, तर पुष्कळ प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली होती. म्हणजे करुणा नुसतीच फुकट जाते असं नाही. ती कधी कधी सोसणाऱ्याला ‘असंच छान सोसत राहा’ म्हणून शाबासकीही देऊन येते.

इथवर आल्यावर मला वाटलं होतं की आता ऑगस्टीनच्या हाती रिमोट द्यावा आणि बातम्या पाहाव्यात. पण वहिनीशी बोलताना हा विषय निघाला आणि गाडी भलतीकडंच वळली. मी विचारलं, ‘वहिनी, मोठीमाय त्या खोट्या सुनेसाठी रडते, तुम्हाला राग नाही येत?’ वहिनी हसली. म्हणाली, ‘राग कायचा भाऊजी? त्या टायमाले आईचं मन लोण्यावानी असते. मले माहेरी जाचं असलं, पोरीची फी भराची असलं, तं म्या सकाळी नाई बोलत. आईनं डोळ्याले पदर लावला, का ब्रेकमधी जाऊन इचारते. नाई म्हनतच नाई!’

मी गप्प झालो. ऑगस्टीन, रूसो, अभिनवगुप्त, कुणालाच हे सुचलं नव्हतं. तिघांनीही रडणारा पाहिला होता. भिंतीपलीकडं कान देऊन उभी असलेली बाई कुणी पाहिली नव्हती.

आमच्याकडं सोयाबीन-तुरीचा मुलूख. इथं कुणालाही विचारा, पाऊस पडला की लगेच पेरणी होत नाही. काळी जमीन चिकट असते, ओल फार असली तर तिफणीचे फण चिखलानं भरून जातात. आणि वाट पाहत बसलं तर वरची ओल उडून बी वाया जातं. या दोन्हींच्या मधे जमीन नेमकी पेरण्याजोगी होते, त्याला वापसा म्हणतात. तो फार थोडा वेळ असतो. ज्याला वापसा साधला त्याचं पीक. मालिकेतलं रडणं हे मला या पावसासारखं वाटतं. पाऊस आला म्हणजे पीक आलं असं समजणारा शेतकरी वेडा, हे रूसोचं म्हणणं बरोबर. पण पीक आलं नाही म्हणून पावसालाच शिव्या देणारा शेतकरी त्याहून वेडा, हे वहिनीचं म्हणणं. अश्रूंनी माणूस चांगला होत नाही, तासाभरापुरता मऊ होतो. त्या तासाभरात कुणी काही पेरलं तर पेरलं.

पण इथं हात झटकून मोकळं होता येत नाही. वापसा पाहून पेरायची मेहनत या घरात कोण करतं? वहिनी. म्हणजे उभंही तिनंच राहायचं, कानही तिनंच द्यायचे, रडणाऱ्याच्या मनाची ओलही तिनंच तपासायची, आणि जाहिरात संपायच्या आत आपल्याच हक्काची गोष्ट उपकारासारखी मागून घ्यायची. माहेरी जायला जिला साबणाच्या जाहिरातीची वाट पाहावी लागते, तिच्या हुशारीचं कौतुक करताना आपल्याला थोडं अवघडल्यासारखं व्हायला हवं. फाटकाबाहेरच्या म्हातारीला तर ब्रेकही नव्हता. दूरदर्शनच्या जाहिराती सगळ्या भागाच्या आधीच उरकायच्या. ज्यानं रडून घेतलं, पेरणं हे खरं त्याचं काम. रडून झाल्यावर डोळे पुसून, रिमोट खाली ठेवण्यापूर्वी, मान वळवून घरात कोण कोण उभं आहे ते एकदा पाहायचं. मालिका सोडायला मी कुणाला सांगत नाही. मी स्वतः सोडणार नाही. शिवाय मान वळवायला काही खर्च नाही, नि ब्रेक चांगला पाच मिनिटांचा असतो.

मध्यंतरी वहिनीनं एका भरल्या ब्रेकमधे नवं मागणं मांडलं. माहेर नाही, फी नाही. म्हणाली, ‘आई, टीव्ही जरासा इकडं वळवता का? मले बी दिसन.’ मोठीमायनं डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि ‘वळव’ म्हणाली. आता टीव्ही स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून तिरपा बसला आहे. वहिनीला तव्यावरून सरळ दिसतं. आम्हा बैठकीतल्या मंडळींना मान वाकडी करून पाहावं लागतं. मोठीमाय रोज तक्रार करते की मान दुखते, नि परवा नातवानं टीव्ही पुन्हा सरळ करायला हात लावला, तर त्याच्या हातावर तिनंच चापट मारली.